मान सरळ, कान दिसू द्या

श्रमदानाला गेलेल्या माणसानं टोपलं उचलायचं असतं. ते न उचलता, कुणाच्या शिव्या न खाता, तिथंच दोन तास उभं राहण्याचा एकच सभ्य मार्ग मला आजवर सापडला आहे, तो म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवणे. कंबर धरली म्हटलं तर लोक मलम सुचवतात. उपवास आहे म्हटलं तर केळी आणून देतात, आणि आमच्या भागात केळीला तोटा नाही. कॅमेरा दिसला की मात्र लोक आपणहून म्हणतात, "काका, तुमी नका हात घाण करू, तुमच्याजवळ मशीन हाय."

उमरखेडहून निघून पैनगंगेचा पूल ओलांडला की विदर्भ संपतो, मराठवाडा सुरू होतो आणि थोड्या वेळात आमचं हदगाव येतं. तिथं सरकारी कचेऱ्यांच्या आसपास झेरॉक्सची जी दुकानं आहेत त्यातलं एक माझं. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, ऑनलाइन अर्ज आणि पासपोर्ट फोटो. मागं पांढरा पडदा, पुढं स्टूल. फोटोग्राफीचं माझं सगळं शिक्षण त्या स्टुलापुढं झालं : मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका, झालं. आठ कॉप्या. निम्मा तालुका मी असा न हसता पाहिलेला आहे. निराधारचा अर्ज असो, पीकविमा असो की पोराचा दाखला, माझ्या पडद्यापुढं येणारं कुणी मुळात खुशीत नसतंच, आणि चुकून असलं तर मी त्याला गंभीर करतो.

२०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींचे अर्ज सुरू झाले आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्या गर्दीच्या जिवावर मी नांदेडला जाऊन एक कॅमेरा आणला. जुना, पण पुढं हे एवढं नळकांडं असलेला. बायकोनं तो हातात घेऊन वजन केलं, खाली ठेवला आणि विचारलं, "यानं काढला की माणूस गोरं येतंय का?" मी नाही म्हणालो. त्यावर तिनं काही विचारलं नाही. तिच्या लेखी विषय संपला होता.

पुण्यातल्या भाच्याला मात्र आनंद झाला. तो म्हणाला, "मामा, हा कॅमेरा पासपोर्टला वाया घालवू नका. पर्सनल प्रोजेक्ट करा. एक विषय धरायचा आणि नेमानं फोटो काढत राहायचं. पन्नाशीनंतर मन उतरतं, त्यावर हे औषध आहे." माझं मन उतरलंय हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्यानं उदाहरणही दिलं. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या माणसानं ३१ मार्च १९७९ पासून रोज एक, फक्त एकच, पोलरॉइड फोटो काढला, आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला तो वारला तोपर्यंत हा नेम पाळला.

"मंग त्याचं दुकान कोण बघत होतं?" मी विचारलं. भाचा म्हणाला, रेंज जातेय.

तरी मी नेम धरला. थोड्याच दिवसांत माझ्याकडं चहाच्या ग्लासाचा फोटो, त्याच ग्लासाचा दुसऱ्या बाजूनं फोटो, रिकाम्या ग्लासाचा फोटो आणि दुकानापुढच्या कुत्र्याचे बरेच फोटो जमा झाले. कुत्रं पुढंपुढं कॅमेरा दिसला की उठून जायला लागलं. मन टिकवायला घेतलेल्या औषधानं मन आणखी उतरायला लागलं. शेवटी एकदा बायकोनं जेवताना ते सगळे फोटो पाहिले. म्हणाली, "यात माणूस काहून नाही एकबी?"

"माणसं दिवसभर बघतोच की दुकानात."

"बसलेली बघता. उभी असलेली, काही करायलेली बघा की."

असा मी आडाकडं आलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना आड आहे. नळ आले, बोअर आले आणि आडाचा उकिरडा झाला. निर्माल्य, फुटके फोटोफ्रेम, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, एक सायकल, शिवाय ज्याच्या घरात जे नकोसं झालं ते. उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा गल्लीतले सगळ्यात म्हातारे आबा पारावर म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला आन् सुकडी खायला गेलतं, पण ह्यो आड आटला नव्हता." बहात्तरचा साक्षीदार गल्लीत दुसरा कुणी उरला नसल्यामुळं हे विधान एकमतानं मंजूर झालं. बचत गटाच्या बाया, रिकामी पोरं, दोन निवृत्त मास्तर आणि विहिरीवर कामाला जाणारे दोन तरुण अशी फौज ठरली. रोज सकाळी दोन तास, ऊन चढेपर्यंत.

दुष्काळाची आठवण आमच्याकडं कुणाला करून द्यावी लागत नाही. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनचा वॉटर कप वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या ३ तालुक्यांत सुरू झाला आणि नंतर राज्यभर पसरला. तेव्हापासून श्रमदान म्हटलं की टोपली, फावडी आणि ढिगाऱ्यावर उभं राहून फोटो काढणारा एक माणूस, एवढं साहित्य लागतंच. आमच्याकडं टोपली होती, फावडी होती.

मी आदल्या रात्री अभ्यास केला. रोहन काळे या तरुणानं नोकरी सोडून, मोटरसायकलवर महाराष्ट्र पालथा घालून, बारवांचे फोटो आणि नोंदी जमवल्या. त्यातून बारव मोहीम उभी राहिली आणि गावोगावचे लोक गाळ काढायला उतरले. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची ती चक्राकार उतरत जाणारी बारव अशीच मोकळी झाली. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर गटारापर्यंत गेले, वर्षानुवर्षं त्यांचे फोटो काढत राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आमचा मुलूख निजामाचा होता त्या काळी दरबारचे फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ, ज्यांना सहाव्या निजामानं १८९४ मध्ये 'राजा मुसव्विर जंग' असा किताब दिला. दीनदयाळ, ओलवे, काळे, आणि त्यानंतर झेरॉक्सवाले काका. मी किताब काय असावा याचा विचार करत झोपलो.

सकाळी आडावर काम ऐन रंगात होतं. एक पोरगा आत, कठड्यावर दोर ओढणारे चौघं, तिथून उकिरड्याच्या ट्रॉलीपर्यंत बायांची साखळी, टोपली हातोहात सरकतायत. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि सगळी साखळी थांबली. माणसं ताठ झाली, माना सरळ, हात खाली, तोंडं बंद. बचत गटाच्या मावशीनं डोईवरचा पदर दोन्ही कानांच्या मागं खोचला. दोन निवृत्त मास्तरांनी चष्मे काढून खिशात ठेवले, कारण चष्म्यावर चमक येते म्हणून मीच त्यांना मागं दोनदा परत बसवलं होतं. अख्खी गल्ली माझ्या स्टुलावर येऊन बसली होती, फक्त उभ्यानं.

आतून आवाज आला, "वढा की रं! डोक्यावर लोंबकळायलंय!"

"थांब, फोटो काढायलेत," वरून उत्तर गेलं.

मी म्हणालो, "अहो काम चालू द्या. मी इथं नाहीच असं समजा." हे सांगितल्यावर तर फारच पंचाईत झाली. मी नाही असं समजून काम करायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. एका काकांनी फावडं डोक्याच्या वर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. मावशीनं रिकामं टोपलं उचलून शेजारणीला दिलं, शेजारणीनं ते परत मावशीला दिलं, आणि दोघी माझ्याकडं न बघण्यात इतक्या गुंतल्या की भरलेलं टोपलं तिसरीच्या पायावर पडलं. त्या दिवशी नेहमीच्या निम्मासुद्धा गाळ निघाला नाही. फोटो मात्र भरपूर निघाले. त्यातला कोणताही फोटो कापून रेशन कार्डावर लावता आला असता.

यात आमच्या गल्लीचं फार चुकलं असं मला वाटत नाही. आता सरकारच कामावरच्या माणसाला फोटोवरून ओळखतं. मनरेगाच्या कामावर मजुरांची हजेरी ॲपवर घ्यायला लागले. दिवसातून दोनदा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण. १ जानेवारी २०२३ पासून ते देशभर सक्तीचं झालं. मग २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून कळवलं की काही ठिकाणी भलतेच फोटो चढवले जातायत, काही ठिकाणी तर जिवंत मजुराऐवजी जुन्या फोटोचाच फोटो काढून हजेरी लागतेय. हे वाचून मला धंद्याच्या दृष्टीनं काय वाटलं ते सांगत नाही. फोटोचा फोटो हे माझ्या दुकानाचं खातं आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला अक्कल आली की फोटो काढण्याआधी काढणार आहे हे कळू द्यायचं नाही. मी एका घराच्या ओट्यावर लिंबाच्या आड बसायला लागलो. तिथून नळकांडं लांबवर पोचायचं. फोटो जिवंत यायला लागले : मावशी शिव्या देतायत, मास्तर घाम पुसतायत, कुणी विडी ओढतोय. हे फोटो मी संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. लोकांचा उत्साह वाढावा हा हेतू.

उत्साह वाढला. विडीवाल्याच्या घरात सगळ्यात जास्त वाढला, कारण त्यानं विडी सोडल्याचं बायकोला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं. मावशींनी निरोप पाठवला की असा फोटो पुन्हा टाकला तर कॅमेरा आडात जाईल, आणि आडात काय काय जातं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांचे फोटो आले नव्हते त्यांचं दुःख सगळ्यात मोठं होतं. "काका, मी काय आलो नव्हतो का? खाडा लावला का माझा?" मी हजेरी घेत नाही हे मी सांगत राहिलो, पण ते कुणाला पटेना. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. जे कधीच आले नव्हते तेही आले, आणि माझ्या ओट्यासमोर, लिंबाच्या बरोबर रोखानं, दाटीवाटीनं उभे राहून काम करायला लागले. तिकडं गाळ नव्हता. तिकडं फक्त मी दिसत होतो.

या गर्दीत एक पांढरे कपडेही आले. नाव सांगत नाही, प्रत्येक गल्लीत असे एक असतातच. त्यांच्याबरोबर कोरं फावडं आलं, दांड्यावरचं स्टिकर अजून निघालं नव्हतं. त्यांनी भरलेल्या टोपल्याला हात लावला, मी क्लिक केलं, त्यांनी हात काढला. मग त्यांनी फोटो पाहायला मागितला, पोट जरा पुढं दिसतंय म्हणाले, आणि टोपल्याला पुन्हा हात लावला. टोपलं पूर्ण वेळ मावशींच्याच हातात होतं. "साहेब, एकदा खालून धरा की," मावशी म्हणाल्या, "म्हंजे मला खांदा बदलता यील." साहेबांनी मग मुख्य पाहुणे म्हणून नारळ फोडला आणि गेले. त्यांचं फावडं मात्र विसरलं, ते अजून आमच्याकडं आहे. चांगलं आहे.

फोटो निवडायचं काम बायकोनं हातात घेतलं. १९३५ नंतर अमेरिकेत मंदीच्या काळात शेतकऱ्यांचे हाल टिपायला सरकारनं फोटोग्राफर पाठवले होते. त्यांचे साहेब रॉय स्ट्रायकर यांना निगेटिव्ह पसंत पडली नाही की ते तिला सरळ पंचनं गोल भोक पाडायचे. त्यातल्या पुष्कळ निगेटिव्ह अजून जपून ठेवलेल्या आहेत : मधोमध काळा चंद्र, बाजूला एखादा शेतकरी. आमच्या घरी भोक न पाडता डिलीट होतं एवढाच फरक. "यात पोट दिसायलंय, उडवा. ही माझ्याशी बोलत नाही, उडवा. हा चांगला हाय." तो चांगला कुत्र्याचा होता.

आता दगडाची गोष्ट. आधीचा आड आणि नंतरचा आड असे दोन फोटो शेजारी ठेवायचे तर दोन्ही एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, शक्यतो एकाच वेळच्या उन्हात काढावे लागतात. जागा हातभर जरी सरकली तरी भिंती सरकतात, कठडा वाकडा होतो आणि बघणाऱ्याचा विश्वास उडतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी आडासमोरच्या एका काळ्या दगडावर उभं राहून फोटो काढला आणि जागा विसरू नये म्हणून दगडावर रंगानं एक गोल काढला. घरी दरवाजाचा उरलेला ऑइल पेंट होता. दरवाजा शेंदरी आहे.

आठवड्याभरात त्या गोलावर एक फूल दिसलं. मी ते बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी दोन फुलं आणि उदबत्तीची राख. मी म्हणालो, हा माझा दगड आहे. कुणीतरी मला हळूच सांगितलं, "काका, असं 'माझा' म्हनू नये. तो कोनाचा नसतो." आबांना आठवायला लागलं की बहात्तरलाही इथं काहीतरी होतं. आड आटला नाही तो त्यामुळंच. शनिवारी कुणी तेल वाहिलं. एका भरलेल्या टोपल्याचा तळ फाटून गाळ नेमका दगडाच्या अलीकडं पडला, पलीकडं नाही, तेव्हा तर खात्रीच झाली. दोन-चार विटांचा ओटा उठला, वर पत्रा आला. मी जाऊन खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. पण तोवर श्रमदानाला माणसं वाढली होती. सकाळी दर्शन घ्यायचं, मग दहा टोपली टाकायची असा लोकांनी नेम धरला होता, आणि हा नेम माझ्या चहाच्या ग्लासापेक्षा पुष्कळ टिकाऊ निघाला. ऑइल पेंटचा अर्धा डबा माझ्याकडं अजून माळ्यावर आहे. घरात ही गोष्ट फक्त बायकोला माहीत आहे आणि ती रोज तिथं हात जोडते.

तात्पर्य, 'नंतर'चा फोटो काढायला मला त्या दगडावर उभं राहता येणार नव्हतं. चपला काढूनसुद्धा नाही.

एवढे फोटो निघाले, पण आडात उतरणारी ती दोन पोरं एकाही फोटोत धड नव्हती. विहिरीच्या कामावर जाणारी, अंगानं काटक. रोज त्यांच्यातला एक आत. वरून फोटो काढावा तर कॅमेऱ्याला कळायचं नाही की कुणाकडं बघावं. आतलं दिसावं असं केलं की कठडा आणि वरची माणसं पांढरी फटक, वरची माणसं दिसावीत असं केलं की आत नुसता अंधार आणि त्यात एक डोकं. केस होते म्हणून डोकं. शिवाय ही पोरं वर आली की हातपाय धुऊन थेट कामावर जायची, संध्याकाळी ग्रुपवर काही बोलायची नाहीत, खाडा लावला का असं विचारायची नाहीत. सगळ्यात जास्त गाळ त्यांनी काढला होता आणि माझ्या प्रोजेक्टात त्यांचा हिशोब केसांवर चालला होता.

मी ठरवलं, ओलवे गटारापर्यंत गेले, आपण आडात उतरायचं.

तोवर खालचा चिखल दोरानं ओढण्यापलीकडं गेला होता म्हणून वर्गणी काढून विहिरी खोदणाऱ्यांची यारी आणली होती. यारीच्या तारेला लोखंडी डबा असतो. तो गाळ घेऊन वर येतो, रिकामा होऊन खाली जातो. रिकामा जाताना त्यात मला बसवायचं ठरलं. जुन्या आडात खराब हवा साचते, म्हणून आधी रिवाजाप्रमाणं कंदील खाली सोडून पाहिला. कंदील विझला नाही. "जळायलाय," आबा म्हणाले, "उतरा बिनघोर." बायकोला कुणी सांगितलं नव्हतं, ती तरी आली. काही बोलली नाही. गळ्यातला कॅमेरा काढून घ्यावा की राहू द्यावा असा तिच्या चेहऱ्यावर हिशोब चालू होता.

यारी चालवणाऱ्यानं विचारलं, "काका, वजन किती?" मी खरं वजन सांगितलं नाही. त्यानं अंदाजानं ब्रेक धरला. डबा निघाला तो मी सांगितलेल्या वजनापेक्षा बराच वेगानं निघाला.

मध्यावर तो भिंतीला घासला आणि फिरायला लागला. आडाच्या भिंतीत पिंपळाची रोपं उगवलेली असतात, ती तोंडावर येत होती. फिरता फिरता मी एक हात बाहेर काढला, कॅमेरा वाचवायला. कॅमेरा वाचला, नळकांडं वाचलं, मी डब्याच्या बाहेर आलो आणि राहिलेलं अंतर तसाच गेलो. अंतर फार नव्हतं. खाली चिखल होता, त्यानं मला छातीपर्यंत जपून ठेवलं. आतलं पोरगं कोपऱ्यात फावडं घेऊन उभं होतं. ते शांतपणे म्हणालं, "काका, थोडं बाजूला बसा. तुमी बसले तिथून गाळ काढायचाय."

मला हलता येत नव्हतं. कॅमेरा डोक्याच्या वर धरला होता, दोन्ही हातांनी. वर पाहिलं तर कठड्यावरून गोलाकार सगळी गल्ली वाकलेली. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मावशी ओरडल्या, "काका, इकडं बगा! मान सरळ!"

मी मान सरळ केली. काय करणार, इतक्या वर्षांची सवय.

आत असेपर्यंत मी वेळ वाया घालवला नाही. चिखलातून बाहेर यायचा रस्ता नव्हता म्हणून जे समोर होतं ते टिपत राहिलो : भरलेला डबा वर जाताना, त्याला खालून ढकलणारे हात, कोपरापर्यंत काळे, त्यावर वरून तुटून आलेलं ऊन. वरून चिखलाचं पाणी गळत होतं, निम्मे फोटो त्या थेंबांनी गेले. माझा नंबर गाळानंतर लागला. वर आलो तेव्हा मावशींनी बादलीभर पाणी अंगावर ओतलं आणि बायकोनं दुसरी बादली. दुसरीची गरज नव्हती.

संध्याकाळपर्यंत माझा फोटो हदगावात पोचला नाही असं घर उरलं नाही. काही लोक तर दुकानात त्याची कलर प्रिंट काढायला आले आणि मी काढून दिली, धंदा तो धंदा. छातीपर्यंत चिखल, डोक्यावर कॅमेरा, मान सरळ, दोन्ही कान स्वच्छ दिसतायत. माझ्या सगळ्या प्रोजेक्टातला सर्वांत चांगला फोटो हाच, असं भाचा पुण्याहून म्हणाला, आणि तो काढला होता शेजारच्या सातवीतल्या पोरीनं, तडा गेलेल्या मोबाइलवर. पुढच्या सकाळी आडावर एवढे लोक आले की टोपली कमी पडली. अर्धे गाळ काढायला आले होते, अर्धे मी पुन्हा उतरतो का ते बघायला. पण नुसतं बघत उभं राहायची सोय नसते, मावशी हातात टोपलं देतातच. पावसाच्या आत आडाचा तळ लागला. सायकल निघाली, तिचा मालकही निघाला. त्यानं ती चोरीला गेल्याचं बायकोला सांगितलं होतं.

'नंतर'चा फोटो मी दगडाशेजारून, नव्या पत्र्याच्या खालून वाकून काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर आड साफ झालाय की सरकलाय हे सांगता येत नाही.

संक्रांत झाली आणि तामशाच्या पंगतीला गेलो. तामसा आमच्याच तालुक्यात. तिथल्या बारालिंग देवस्थानाची भाजी-भाकरीची पंगत भागभर प्रसिद्ध आहे. गावोगावच्या घरांमधून भाकरी येतात, मिळतील तेवढ्या सगळ्या भाज्या एकत्र पडून क्विंटलांनी भाजी शिजते, आणि माणसं बसतात ती नजर पोचेपर्यंत. एवढं मोठं सामूहिक काम आपल्याच तालुक्यात आणि आपण आडात उतरत बसलो, असं वाटून मी कॅमेरा काढला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पावनं, मोकळे दिसायलात," आणि माझ्या दोन्ही हातांवर भाकरींची चळत ठेवली. ती वाढून झाली की दुसरी ठेवली. पंगतीचा माझ्याकडं एकही फोटो नाही. बायको म्हणते, त्या दिवशी मी कधी नव्हे ते हसत होतो. पुरावा नाही.

शेवटी गल्लीत प्रदर्शन भरवायचं ठरलं. दुकानात प्रिंट काढल्या, खर्च माझा. आडाच्या कठड्यापासून देवाच्या पत्र्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्याच्या चिमट्यांनी फोटो लावले. सकाळी लावले. लोक यायला लागले, आपला फोटो सापडला की चिमटा काढून फोटो घरी न्यायला लागले. मी म्हणालो, अहो हे बघायचं असतं. "बघितलं की. आता घरच्यांला दावतो." मास्तरांनी चष्म्याविनाचे न्यायचे का चष्म्याचे, यावर थोडा वेळ घेतला आणि दोन्ही नेले. विडीवाल्याच्या बायकोनं विडीचा फोटो नेला, पुढं कामाला येईल म्हणाली. पांढऱ्या कपड्यांचा माणूस येऊन सगळ्यात मोठा फोटो घेऊन गेला आणि फावड्याचं विचारायचं तेवढं राहिलं. दुपारपर्यंत सुतळीवर चहाचे ग्लास, कुत्रं आणि आडातले ते काळे हात एवढंच उरलं.

चारच्या सुमारास त्या दोन पोरांच्या आया आल्या. एकीनं हातांच्या फोटोचा एक चिमटा काढला, दुसरीनं दुसरा.

"हे माझ्या लेकराचे हात हायत."

"तुजं लेकरू त्या दिवशी कुठं उतरलतं? माझं उतरलतं."

"माझ्या पोटचे हात मला कळंनात का? ह्यो बग काळा दोरा."

काळा दोरा दोन्ही पोरांच्या मनगटाला होता, एकाच जत्रेत घेतलेला. निवृत्त मास्तरांनी नखांवरून निकाल द्यायचा प्रयत्न केला, नखं चिखलात होती. आबांना विचारलं तर ते म्हणाले, हात बहात्तरच्या माणसांसारखे दिसतायत. आडात मी प्रत्यक्ष हजर होतो म्हणून सगळे माझ्याकडं वळले. मला एक आवाज आठवत होता, "बाजूला बसा" म्हणणारा. तोंड आठवत नव्हतं, तोंडावर चिखल होता, त्याच्याही आणि माझ्याही. शेवटी पोरांनाच बोलावलं. दोघांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. एक म्हणाला, "माझे असतील." दुसरा म्हणाला, "नाई, माझेबी असतील." आणि दोघं हसत कामावर गेले.

मग मी दुकान उघडून दुसरी प्रत काढली. पावसात भिंतीला ओल येते म्हणून दोन्ही आयांनी लॅमिनेशन करून मागितलं, तेही मोठ्या साईजमध्ये. करून दिलं. लॅमिनेशनचे पैसे दोन्ही घरांनी मला एकमेकींकडून घ्यायला सांगितले आहेत.